जागलीची पाळी

तेरणेच्या काठी, किल्लारीपासून फार दूर नाही, असं एक गाव होतं. त्या गावात दोन भाऊ राहत. थोरल्याला सारा गाव अण्णा म्हणे. धाकट्याचं नाव मी इथं सांगत नाही. त्याच्या घरात ते वीस वर्षं कुणी मोठ्यानं घेतलं नाही, आणि ही गोष्ट त्याच वीस वर्षांची आहे.

घर आजोबांनी बांधलेलं, पाच खणांचं, माळवदाचं. काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या भिंती, दोन हात रुंद. वर लाकडाच्या तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि पाल्यावर मातीचा थर. मराठवाड्याचा उन्हाळा ज्यानं सोसला आहे त्यालाच अशा घराचं सुख कळेल. बाहेर पाय भाजत असले तरी माजघरात गारवा असायचा. माळवद गळू नये म्हणून दरसाल मृगाच्या आधी पांढरी माती आणायची, वर पसरायची आणि पाणी मारून चोपून काढायची. जुनी माती कुणी काढत नसे. बापानं टाकलेल्या थरावर लेकाचा थर चढे. असं पिढ्यान्‌पिढ्या माळवद जाड होत गेलं, आणि जाड माळवद म्हणजे मातबर घर ही समजूतही रुजली. डोक्यावर किती ओझं चढतंय याचा हिशेब कुणी केला नव्हता. करावा असं वाटायला कारणही नव्हतं.

१९९२ च्या पावसाळ्यात जमिनीतून आवाज यायला लागले. ऑक्टोबरात एक धक्का असा बसला, की भिंतींना चिरा गेल्या. माणसं अंगणात, रानात झोपायला लागली. मग थंडी पडली, धक्के विरळ झाले, लेकरं खोकायला लागली. दख्खनचं पठार लई जुनं, लई पक्कं, इथं मोठं काही होत नसतं, असं शिकलेली माणसंही सांगू लागली. ती खोटं बोलत नव्हती. देशाचा भूकंपाचा जो नकाशा तेव्हा होता, त्यात हा सगळा मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात दाखवलेला होता. एकेक करून घरं पुन्हा आत झोपू लागली.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवायला सारा गाव तेरणेवर लोटला. धाकटा लेझमीचा म्होरक्या. चार-पाच तास तो नाचत होता, आणि रात्री उशिरा घरी आला तेव्हा त्याला पाय उचलवत नव्हते. रानात हायब्रीड ज्वारी काढणीला आलेली. रानडुकरांचा उपद्रव होता म्हणून दोघे भाऊ आळीपाळीनं जागलीला जात. त्या रात्री पाळी धाकट्याची होती. त्यानं तशीच घोंगडी खांद्यावर टाकली, बॅटरी घेतली आणि निघाला.

अण्णांनी त्याला दारातच अडवलं. म्हणाले, “आण ती घोंगडी इकडं. आज मी जातो.”

“पाळी माझी हाय की.”

“असू दे. तू झोप. उद्या तू जा, परवाबी तूच जा.”

धाकटा हसला आणि त्यानं घोंगडी दिली. त्याची बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली होती.

गुरुवारी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी अण्णा माचणावरून खाली फेकले गेले. पोटात घुमावा तसा आवाज जमिनीतून आला. उठून त्यांनी गावाकडं बघितलं तर चतुर्दशीच्या मावळत्या चांदण्यात नुसता धुरळा उभा होता. अंधारात ठेचकाळत ते गावात पोचले तेव्हा गल्ल्या राहिल्या नव्हत्या. घराच्या जागी लाकडी खांब आणि तुळया तशाच उभ्या होत्या. भिंती मात्र आत-बाहेर कोसळलेल्या, आणि सगळ्या माळवदाची माती खाली आलेली. त्यांची बायको आणि तीन वर्षांचा मुलगा एका खांबाच्या आडोशाला सापडले, खरचटलेले, पण जिवंत. आई तर अंगणातच होती. शेळी व्यायला झाली होती म्हणून ती रात्रभर बाहेर बसून होती. धाकटा माजघरात होता. हातांनी माती उपसायला सकाळचे दहा वाजले.

त्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली जवळपास दहा हजार माणसं गेली. एकेकाला वेगळी चिता रचणं शक्यच नव्हतं. पडलेल्या घरांच्याच तुळया आणि फळ्या सरणाला लागल्या, आणि त्यात नंतर पावसानं झोडपलं. आजोबांनी हौसेनं बसवलेल्या तुळईवर नातू जळला. अण्णांनी हे उघड्या डोळ्यांनी बघितलं, आणि त्या दिवशी त्यांच्या मनात एक वाक्य जे बसलं ते वीस वर्षं उठलं नाही. पाळी त्याची होती. आपण जागा बदलली.

समाचाराला येणारी माणसं आपापल्या परीनं धीर देत होती. कुणी म्हणालं, “तुमचं नशीब बलवत्तर, देवानंच तुम्हाला रानात धाडलं.” हे ऐकलं की अण्णांच्या चेहऱ्यावर कुणी चटका द्यावा तसं व्हायचं. देवानं मला धाडलं तर त्याला कोण आत घेऊन गेलं? कुणी म्हणालं, “बायको-लेकरू वाचलं, त्यांच्याकडं बघा.” बघायचे तेव्हा त्यांना दिसायचं ते एवढंच, की आपलं सगळं जागच्या जागी आहे आणि त्याचं काहीच उरलेलं नाही. अशा वेळी सांत्वनाची घाई करू नये, असं मला मनापासून वाटतं. जो वाचला आहे त्याला तू वाचलास हे सुख म्हणून सांगितलं, की ते त्याच्या अंगावर आरोपासारखं येतं.

डिसेंबरात भावजय लेक घेऊन आली. पाठवणी करताना माहेरच्यांनी विचारलं होतं, तिथं आता काय राहिलंय? ती म्हणाली, “पोरीचं घर हाय.” पत्र्याच्या शेडमध्ये अण्णांनी पुतणीला पहिल्यांदा हातात घेतलं आणि मनाशी ठरवलं, की हिला कशाला कमी पडू द्यायचं नाही.

त्यांनी ते पाळलं, आणि कसं पाळलं हे सांगायलाच हवं, कारण माणूस म्हणून ते लहान नव्हते. धाकट्याच्या वाट्याचं रान ते आधी पेरत, आपलं मागून. त्या रानाच्या पट्टीचा पैसा वेगळ्या वहीत मांडलेला असे आणि बँकेत पुतणीच्या नावानं पडे. पुनर्वसनात बावन्न गावं नव्या जागी वसली. घरं जमिनीच्या हिशेबानं मिळाली, भूमिहीनांना अडीचशे चौरस फूट, लहान शेतकऱ्यांना चारशे, मोठ्यांना साडेसातशे. अण्णांच्या वाट्याला चारशेचं आलं. त्यातली आतली खोली त्यांनी भावजयीला दिली. स्वतः आणि बायको-मुलगा पुढं. गावात दोन भावांच्या भांडणाच्या गोष्टी सांगितल्या जायच्या तिथं आता अण्णांचा दाखला दिला जाऊ लागला. देवमाणूस म्हणत लोक. स्तुतीनं ते आणखी वाकत.

स्वतः मात्र त्या घरात एक रात्र झोपले नाहीत. सुरुवातीला त्याचं कुणाला नवल वाटलं नाही, कारण त्या भागात पुष्कळांनी नव्या पक्क्या घरासमोर पत्र्याचं शेड मारलं होतं आणि पाऊस असो, थंडी असो, तिथंच पाठ टेकत होते. स्लॅबकडं बघितलं की छाती भरून यायची. पण इतरांची भीती वर्षागणिक उतरत गेली. अण्णांचं झोपणं बाहेरच राहिलं, कारण त्यांचं कारण भीती नव्हतं. धाकटा ज्याच्याखाली गेला त्या छपराचा निवारा आपण घ्यायचा नाही, असा त्यांनी स्वतःला दंड लावून घेतला होता. चारच्या आधी जाग यायची. घोंगडी गुंडाळून ते उठून बसत आणि उजाडेपर्यंत बसून राहत. अनंत चतुर्दशीला गाव सोडून कुठंतरी जात आणि दुसऱ्या दिवशी परतत. गोड खात नसत. मुलाच्या लग्नात वाजंत्री सुरू झाली तेव्हा ते गोठ्यात होते.

आणि धाकट्याचं नाव घेत नसत. कुणी घेतलं तर उठून जात. हळूहळू घरातल्यांनी ते नाव टाकूनच दिलं. अण्णांना त्रास होतो, त्यांनी आपल्यासाठी एवढं केलंय, मग कशाला काढा. भावजयही गप्प झाली. आईही. घरात ना त्याचा फोटो होता, ना त्याची कुठली वस्तू. फोटो सगळे मातीत गेले होते, आणि उरली होती ती घोंगडी. ती कुणाची हे अण्णांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

इथं मला थांबावंसं वाटतं. अण्णांना दोष देण्यासाठी नव्हे. आपलं माणूस गेलं आणि आपण राहिलो, की मन एक काम हटकून करतं. ते मागं जाऊन आपली एखादी चूक शोधून आणतं. मी तसं केलं नसतं तर. हे दुखतं, पण त्यात एक आधारही असतो. चूक माझी असेल, तर ती टाळणं माझ्या हातात होतं. माझ्या हातात काहीच नव्हतं, जमीन हलली आणि जे व्हायचं ते झालं, हे मानायला त्याहून जास्त बळ लागतं. अपराध उचलणं माणसाला सोपं जातं, हतबल होणं जात नाही. म्हणून अण्णा त्या एका रात्रीला चिकटून राहिले. ती रात्र त्यांनी इतकी जपली, की त्याआधीची धाकट्याची चोवीस वर्षं त्यांच्या हातून सुटून गेली.

ती गेली कुणाच्या वाट्याची? तर पुतणीच्या.

पुतणी मोठी झाली. हुशार होती. लातूरला तंत्रनिकेतनात सिव्हिलच्या पदविकेला तिला प्रवेश मिळाला. बाप नसलेल्या पोरीला बापाबद्दल लोक सांगत असतात, तुझा बाप असा होता, तसा होता. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. लहानपणी एकदा तिनं विचारलं, “अण्णा, माझे बाबा कसे होते?” अण्णा उठून रानात गेले ते रात्री आले. तिनं पुन्हा विचारलं नाही. पण पोरीच्या मनात वेगळंच बसलं. बापानं काहीतरी वाईट केलं असणार, म्हणून त्याचं नाव निघत नाही. हे तिनं आईला विचारलं तेव्हा ती बारावीत होती. भावजय त्या दिवशी खूप रडली. म्हणाली, “मला त्यांचा सहवास सव्वा वर्षाचा. माझ्याजवळचं सांगून दोन दिवसांत संपलं असतं. ज्याला चोवीस वर्षांचं ठाऊक हाय तो बोलत नाही, मी काय करू?”

२०१३ साल होतं. भूकंपाला वीस वर्षं होत होती. दुसऱ्या वर्षाला वर्गात जुन्या बांधकामांचा अभ्यास होता आणि तिनं आपल्याच भागातली घरं घेतली. वही, टेप आणि एक साधा कॅमेरा घेऊन ती जुन्या पिढीतल्या माणसांकडं फिरू लागली. भिंत कशी रचायचे, माती कुठली, माळवदावर किती थर. तिला हवं होतं तेवढं ते सांगत. भिंतीच्या दोन पाख्यांना बांधून ठेवणारा आरपार दगड घालायची रीत नव्हती. बाहेरून घडीव दगड, आतून अनघड, मधे चिखल आणि कपच्या. हादरा बसला की दोन्ही पाखी सुटून उभी फाकायची आणि वरचा सगळा भार खाली यायचा. हे ती वहीत लिहून घेई. पण तिला दिसलं ते असं, की प्रत्येक माणूस मापं सांगून झाली की थांबत असे आणि मग वेगळंच काहीतरी सांगू लागत असे, जे तिनं विचारलेलं नव्हतं.

एका म्हाताऱ्या गवंड्यानं सांगितलं, त्या वर्षी मृगाआधी मीच अर्ध्या गावाच्या माळवदावर माती चढवली. गळतंय म्हणाले, म्हणून चार बोटं जास्तच टाकली. लोक मला घरी बोलवून जेवायला घालत. ती चार बोटं माझ्या डोक्यावरून उतरत नाहीत.

शेजारच्या काकांनी सांगितलं, बायको भावाकडं जाते म्हणत होती. मी म्हणालो गणपती होऊ दे, मग जा.

शाळेतले निवृत्त गुरुजी तिला सारा वेळ नीट, मुद्देसूद माहिती देत होते. निघताना ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, “ब्याण्णव साली माणसं बाहेर झोपत होती ना, त्यांना मी समजावलं होतं. पेपर वाचून दाखवला. म्हणालो, घाबरू नका, घरात झोपा. माझ्या वर्गातली अकरा पोरं गेली.”

किसा गोतमीची कथा आपल्याला ठाऊक आहे. मेलेलं लेकरू घेऊन ती बुद्धांकडं आली आणि बुद्धांनी तिला, ज्या घरात कुणी मेलं नाही अशा घरातून मोहरी आणायला सांगितलं. गोतमीला कळलं ते एवढं, की मरण प्रत्येक घरात आहे. ही पोरगी वही घेऊन गावभर फिरली आणि तिला आणखी एक गोष्ट कळली. प्रत्येक घरात कुणीतरी एक माणूस ते मरण आपल्या नावावर लिहून बसलं आहे. आणि शेजारच्याला त्याची वार्ता नाही.

२९ सप्टेंबरच्या संध्याकाळी ती घरी अंगणात बसून भिंतीचं चित्र काढत होती. आजी जवळ शेंगा फोडत होती. अण्णा गोठ्यातून वैरण टाकून आले आणि शेडच्या खांबाला टेकून बसले. पोरीनं आजीला विचारलं, “आजी, आपल्या माजघराची भिंत कुठल्या बाजूला पडली होती?”

असा प्रश्न त्या घरात पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. अण्णा उठायला लागले. आजीचा हात शेंगांवर थांबला. ती म्हणाली, “बस रे. आज उठू नको.”

मग ती नातीकडं बघून बोलायला लागली. आवाज चढला नाही, अडला नाही, कित्येक वर्षं पाठ केलेलं असावं तसं ती सांगत गेली. त्या रात्री तुझा बाप अंगणात माझ्याजवळच पडला होता. शेळीजवळ मी बसले होते. म्हणाला, माय, आत उकडतंय, मी इथंच झोपतो. त्याला लगेच झोप लागली. मध्यरात्रीनंतर दव पडायला लागलं. लेझीम खेळून घाम आलेला, अंगावर पांघरूण नाही, घोंगडी तर अण्णाला दिलेली. मला वाटलं पोराला बाधेल. मी त्याला हलवून उठवलं. तो उठेना. मी रागं भरले. तेव्हा डोळे न उघडताच उठला आणि आत गेला.

“मी आत धाडला त्याला,” आजी म्हणाली. “माझ्या हातानं.”

कुणी काही बोललं नाही. अण्णा आईकडं बघत होते. वीस वर्षं त्यांनी त्या रात्रीचा एकेक क्षण उलटून पालटून बघितला होता, आणि त्यात ही गोष्ट कधी नव्हतीच. त्यांना वाटत होतं भाऊ आत झोपला तो आपल्या सांगण्यावरून.

ते एकदम पुढं आले आणि आईसमोर उकिडवे बसले. “माय, वेडी का काय तू? तुझा काय गुन्हा त्यात? लेकराला दव लागू नये म्हणून उठवलंस. कुठलीबी माय उठवती. तुला काय ठाऊक होतं चार वाजता काय होणार हाय ते?”

“नव्हतं ठाऊक,” आजी म्हणाली.

“मग?”

म्हातारीनं थोडा वेळ लेकाच्या तोंडाकडं बघितलं. “मग तुला होतं का?”

अण्णांना उत्तर देता आलं नाही. आईला जे त्यांनी एका श्वासात, जराही विचार न करता माफ केलं होतं, त्यातला एक शब्दही ते स्वतःला कधी म्हणाले नव्हते. दमलेल्या भावाला झोपू द्यावं म्हणून त्यांनी घोंगडी घेतली होती. दव लागू नये म्हणून आईनं त्याला उठवलं होतं. माळवद गळू नये म्हणून गवंड्यानं चार बोटं माती जास्त टाकली होती. माणसांची झोपमोड थांबावी म्हणून गुरुजींनी पेपर वाचून दाखवला होता. सगळी माया होती. त्या पहाटेनंतर प्रत्येकानं आपल्या मायेलाच गुन्हा ठरवलं, आणि त्यासाठी वापरली ती माहिती, जी त्या रात्री जगात कुणाजवळ नव्हती. नकाशा काढणाऱ्यांजवळही नव्हती. पोरीनं ते पुस्तकात वाचलेलं होतं. तिनं अण्णांना सांगितलं, की किल्लारीचा हा भाग तेव्हा पहिल्या पट्ट्यात होता, भूकंपानंतर नकाशा पुन्हा काढला आणि २००२ साली हा भाग तिसऱ्या पट्ट्यात टाकला. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. पण त्यांना जे लागलं होतं ते आईचं तेवढं एक वाक्य.

त्या रात्री ते रडले, आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा एकटे रडले नाहीत. भावजय दारात उभी होती. तिला त्यांनी आत जाऊन घोंगडी आणायला सांगितली आणि ती कुणाची ते सांगितलं. तिनं ती उलगडली, एका कोपऱ्यात उसवलेल्या जागी पांढरा दोरा होता. लग्नानंतर पहिल्या थंडीत तो टाका तिनंच घातला होता.

मग पोरीनं विचारलं, लहानपणी विचारलं होतं तेच. या वेळी अण्णा उठले नाहीत.

सुरुवात कुठून करावी ते त्यांना कळेना. इतकी वर्षं त्यांच्याजवळ धाकट्याचा एकच चेहरा होता, मातीतून बाहेर काढला तो. त्याच्या मागं जायला वेळ लागला. मग ते म्हणाले, “तू आत्ता चित्र काढताना जीभ दाताखाली धरली होतीस. ते त्याचं हाय. लेझीम खेळताना धरायचा. किती येळा सांगितलं, पडशील तर तुटंल.” आणि ते हसले. पोरीनं आपल्या तोंडाला हात लावला. वीस वर्षांची होईपर्यंत तिला ठाऊक नव्हतं, की आपल्या अंगावर बापाचं काही आहे.

त्या रात्री आणि पुढच्या कितीतरी रात्री अण्णा बोलत राहिले. धाकटा पोहायला कुणाकडून शिकला, तुळजापूरच्या जत्रेत कसा हरवला आणि सापडल्यावर उलट अण्णांवरच कसा रागावला, पहिल्या पगारी कामाच्या पैशात आईला लुगडं आणताना रंगावरून दुकानदाराशी कसा भांडला. मधेच आजी दुरुस्ती करी. मधेच भावजय सांगे, की तो कांदा चिरताना गाणी म्हणायचा. तिच्याजवळचं दोन दिवसांत संपेल असं ती म्हणाली होती. ते संपलं नाही, कारण दुसऱ्यानं काही सांगितलं की तिला तिचं आठवे.

दुःख गेलं असं मी म्हणणार नाही. अण्णांना चारच्या आधी जाग येते ती येतेच. ३० सप्टेंबरला जुन्या किल्लारीत स्मृतिस्थळावर माणसं जमतात, तिथं ते आता जातात. तिथल्या गर्दीत गवंडी असतात, गुरुजी असतात. पहिल्या वर्षी अण्णांनी गुरुजींना बाजूला घेतलं आणि म्हणाले, “तुमच्या अकरा पोरांची नावं सांगा मला.” गुरुजींना सगळी पाठ होती. त्यांनी नावं सांगितली, कोण गणितात चांगलं, कुणाचं अक्षर मोत्यासारखं, कोण रोज उशिरा यायचं. बराच वेळ लागला. अण्णा उभे राहून ऐकत होते.

मुलाला मुलगा झाला तेव्हा अण्णांनी बारशाचं गोड खाल्लं. त्याच पावसाळ्यात एका रात्री वाऱ्यानं शेडचा पत्रा उडाला आणि ते उठून आत येऊन झोपले. सकाळी कुणी त्याबद्दल काही बोललं नाही. पुढं ते कधी आत झोपतात, कधी बाहेर.

वाचणाऱ्याला माझं एक सांगणं आहे. अपघातात, आजारात, पुरात, महामारीत माणूस गमावून मागं राहिलेलं कुणीतरी तुमच्या ओळखीत असेलच. कोविडनंतर तर गल्लोगल्ली आहे. मीच घरी आजार आणला, मीच दवाखाना बदलायला उशीर केला, असं मनात धरून बसलेली माणसं आहेत. त्यांच्याकडं जा. तुझी चूक नव्हती हे पटवत बसू नका, ते त्यांना सध्या ऐकू येणार नाही. गेलेल्या माणसाचं नाव घ्या आणि तो कसा होता ते विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर बसून राहा. आणि त्या माणसाची झोप, जेवण, जगण्याची इच्छाच उडाली असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक त्याच्यासोबत बसून लावा. तिथं मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत आणि रात्रीही फोन उचलला जातो.